नाक्यावरचा हवालदार काय काय खातो

आता काय, ज्याच्या त्याच्या हातात फोन आहे आणि जो तो न पाहिलेल्या माणसांशी भांडतो आहे. जेवताना भांडतात, लग्नाच्या पंगतीत मान खाली घालून भांडतात. कुणाला त्याचं काही वाटत नाही. पण मुरबाडात इंटरनेटवर भांडणारा पहिला माणूस कोण, असं मला कुणी विचारलं तर मी छाती पुढे काढून सांगेन. आणि हेही सांगेन, की त्यांचं सगळं भांडण माझ्या या दहा बोटांतून गेलंय. दहा कसली! तेव्हा मी चारच बोटांनी टाइप करायचे.

सगळं गाव त्यांना कंट्रोलर म्हणायचं. मी काका म्हणायचे. एसटीत आधी कंडक्टर होते, मग स्टँडवर वाहतूक नियंत्रक झाले. म्हणजे खिडकीत बसून कुठली गाडी कुठे लागली आणि कधी सुटणार ते माइकवर सांगणारा माणूस. नोकरी संपली, माइक गेला, आवाज तेवढा राहिला. बाजारात कोथिंबिरीची जुडी मागायचे तीसुद्धा अशी, की पलीकडच्या गल्लीतल्या बाईनं पिशवी उचलून स्टँडकडे पळावं. काकू म्हणायच्या, "एसटीनं यांचा बिल्ला जमा करून घेतला, गळा पन जमा करून घ्यायचा व्हता."

नाक्याजवळ आमच्या ह्यांचा एक गाळा होता. तिथे मी सायबर कॅफे काढला. तीन कॉम्प्युटर, एक झेरॉक्सचं मशीन आणि मधे प्लायवूडचं पार्टिशन. मोबाइलवर वाजवायची गाणी लोक पैसे देऊन घ्यायचे, तो काळ. माझं माहेर आटगावचं. कॉम्प्युटरचा कोर्स मी कल्याणला जाऊन-येऊन केलेला, त्यामुळे मुरबाडात मी स्वतःला फार शहाणी समजत असे. फाटक्या तोंडाची तर होतेच, अजून आहे.

काका पहिल्यांदा आले ते वर्तमानपत्राला पत्र टाइप करून घ्यायला. त्यांची आधीची सात-आठ पत्रं छापून आली नव्हती. मी म्हटलं, "काका, कशाला त्यांच्या मिनत्या करता? इथे एक मराठी साइट आहे. जगभरातली मराठी माणसं येऊन बोलतात. जे लिहाल ते लगेच दिसतं."

"कोन वाचतो?"

"कुणीपण."

"उत्तर देतात का?"

"देतात की. शिव्या पण देतात."

"मग बरं हाय," म्हणाले आणि खुर्ची ओढून बसले. ते पुढे तीन वर्षं रोज साडेतीनला बसत राहिले.

चपला बाहेर काढायचे. मी कितीदा सांगितलं की काका, इथे सगळे चपला घालूनच येतात. "एवढी मानसं आत बसलेली असतात गो, त्यांच्यासमोर चपला घालून कसा जाऊ?" माणसं म्हणजे साइटवरची. पान उघडलं की स्क्रीनला हात जोडून "नमस्कार" म्हणायचे, मोठ्यानं. पान उघडायला वेळ लागला तर त्यांच्यातला कंट्रोलर जागा व्हायचा. "प्रवाशांनी कृपया लक्ष द्यावे. श्रीयुत बोक्या यांचे उत्तर थोड्याच वेळात फलाटावर लागत आहे." बाजूला बसलेली कॉलेजची पोरं फिदीफिदी हसायची. काकांना त्याचं काही नव्हतं.

हे श्रीयुत बोक्या म्हणजे साइटवरचे 'भन्नाट बोक्या', काकांचे ठरलेले विरोधक. साइटवर बहुतेक सगळे टोपणनावानंच लिहायचे. काकांना आधी ते पचेना. नाव नसलेल्या माणसाला उत्तर कसं द्यायचं? शेवटी त्यांनी टोपणनावालाच मान द्यायला सुरुवात केली. "श्रीयुत भन्नाट बोक्या यांस सप्रेम नमस्कार." "चि. सौ. उनाड चांदणी यांस अनेक आशीर्वाद." एकदा मला विचारलं, "बोक्या हे आडनाव देशावरचं असनार ना? आपल्याकडं तर नाय ऐकलं." मी खुर्चीवरून पडायची तेवढी राहिले.

त्यांचं स्वतःचं नाव मात्र सगळ्यात वर. संपूर्ण नाव, निवृत्त वाहतूक नियंत्रक, मुक्काम पोस्ट मुरबाड, घर देवळामागे. मजकूर त्यानंतर. मी म्हटलं, "काका, सही खाली करतात."

"खाली सही करनारा मधेच पळून जातो. एसटीत रिपोर्ट लिहिताना आधी नाव, आधी बिल्ला नंबर. कोन बोलतो ते आधी कळू दे, मंग काय बोलतो ते."

साइटवर लोक हसायचे त्याला. मीसुद्धा हसायचे. मग गपचूप टाइप करायचे, कारण त्यांच्याशी वाद घालून तीन मिनिटांच्या वर कुणी टिकलेलं मी पाहिलं नव्हतं.

बोलायचे ते आपलं इकडचंच, नाय-व्हय-पन. पण सांगून लिहवायला लागले की जीभ एकदम सरकारी व्हायची. 'उपरोक्त' आणि 'सबब' आल्याशिवाय त्यांचं पत्र पुरं होत नसे. हेल्मेटवरून एकदा तीन आठवडे जुंपली होती. बोक्याचं म्हणणं, डोकं माझं, सक्ती कसली करता? काकांनी लिहवलं, "डोके आपले आहे हे मान्य. परंतु फुटल्यावर ते उचलण्यास गावाला बोलावू नये. उपरोक्त डोके आपण स्वतःच उचलून दवाखान्यात न्यावे. तशी हमी दिल्यास सक्तीचा आग्रह सोडण्यात येईल." हमी काही आली नाही. अमेरिकेतल्या एका गृहस्थांनी आम्हाला लेनची शिस्त शिकवायला घेतली, तर त्यांना कळवलं, "आमचेकडे लेन एकच असून तीत म्हशीही चालतात. आपण वाहनचालकांना शिकवावे, म्हशींना आम्ही समजावतो."

मुरबाडात तेव्हा एकही सिग्नल नव्हता. आणि हा माणूस सिग्नल पिवळा असताना थांबावं की जावं यावर लंडनच्या माणसाशी आठवडाभर बोलत होता. कुठे थुंकावं, हॉर्न कुणी कधी वाजवावा, बसमधे खिडकीची जागा रुमाल टाकून धरता येते का, काहीही विषय चालायचा. रुमालावर तर त्यांचा निकाल पक्का होता. रुमालाला तिकीट नाही, सबब जागा नाही.

आणि एक नियम होता, त्याचं मला आजही कौतुक वाटतं. समोरच्याचं उत्तर मी त्यांना दोनदा वाचून दाखवायचं. एकदा वाचलं की ते लाल व्हायचे. मी म्हणायचे, सांगा आता काय लिहू? तर हात वर करायचे. "परत वाच. पैल्या खेपेला राग येतो, दुसऱ्या खेपेला अर्थ लागतो." तीन वर्षांत त्यांनी माझ्याकडून एक वाकडा शब्द लिहवून घेतला नाही. मी आपणहून दोन-चार घातले होते, ते त्यांनी काढायला लावले.

तर झालं असं, की साइटवर वाहतूक पोलिसांचा विषय निघाला. वाहतूक पोलीस हवेत तरी कशाला? बोक्यानं एका ओळीत निकाल लावला, 'सगळे खातात.' मग काय, शंभर लोकांनी माना डोलावल्या. काकांनी विचारलं, सगळे म्हणजे कोण? नाव सांगा, नाका सांगा. बोक्या म्हणाला, 'तुमच्या नाक्यावरचाच घ्या ना काका. तो काय उपाशी राहतो?'

आमच्या नाक्यावर तेव्हा नवीन हवालदार आले होते. सोलापूरकडचे, काळेसावळे, बोलायला कमी. बायको आणि चौथीतली मुलगी घेऊन भाड्याच्या खोलीत राहायचे. आमचा नाका म्हणजे तीन रस्ते एकत्र येतात. कल्याणच्या गाड्या, शहापूरच्या जीपा, घाटातून येणारे भाजीचे ट्रक, सगळं तिथे. रेल्वे नाही आम्हाला, त्यामुळे माणसं जीपनंच जायची. जीपमधे किती माणसं बसतात, असं कुणी विचारलं तर ड्रायव्हर म्हणायचा, "आनखी एक." टपावर, मागच्या शिडीवर, कुठेही. हवालदारांनी आल्या दिवसापासून टपावरची माणसं उतरवायला सुरुवात केली.

काका दुसऱ्या दिवशी माझ्याकडे आले नाहीत. तिसऱ्या दिवशीही नाहीत. मी बाहेर येऊन बघते तर समोरच्या चहाच्या टपरीवरच्या बाकड्यावर मांडी घालून बसलेले, नजर नाक्यावर. सकाळी बसले ते संध्याकाळपर्यंत. असं तीन दिवस. मी विचारलं, तर म्हणाले, "ड्यूटीवर हाय. मधे बोलू नको."

चौथ्या दिवशी साडेतीनला चपला काढून आत आले, ते खूष होते. "लिही," म्हणाले. "शीर्षक. नाक्यावरचा हवालदार काय काय खातो."

मी मान वळवून बघितलं. "काका, हे काय?"

"लिही गो तू. बोक्याला शीर्षक वाचून आनंद व्हऊ दे जरा. आत गेला की कळेल."

मी लिहिलं. मग नाव, हुद्दा, मुक्काम पोस्ट, घर देवळामागे. मग मजकूर. "सदर प्रकार मी स्वतः सलग तीन दिवस समोर बसून डोळ्यांनी पाहिला असून, यातील एक अक्षर खोटे निघाल्यास मला जबाबदार धरावे." एवढं टाइप झालं आणि लाइट गेली. भारनियमनाची वेळ नव्हती, पण आमच्याकडे वेळेवर जायची तरी कुठे? यूपीएस टीं टीं करायला लागला. तो जेमतेम दोन मिनिटं टिकायचा. आधी दोनदा असंच अख्खं पत्र उडालं होतं आणि काकांना सगळं परत सांगायला लागलं होतं. मला वाटलं, झालंय तेवढं तरी वाचवू, उरलेलं लाइट आल्यावर खाली जोडू. मी 'पाठवा' दाबलं. पत्र गेलं, स्क्रीन काळी झाली.

उरलेलं काय होतं? काका मला ते अंधारात बसल्या बसल्या सांगत होते. ऊन खातो. धूळ खातो. ट्रकचा धूर खातो. जीपवाल्यांच्या शिव्या खातो. डबा खायची वेळ तेवढी मिळत नाही, सबब तो खात नाही. काय सुंदर लिहिलं होतं हो! मी पेन काढून झेरॉक्सच्या रद्दी कागदावर उतरवून पण घेतलं.

संध्याकाळी लाइट आली. फोनची लाइन मात्र आली नाही, आणि तेव्हा फोनशिवाय इंटरनेट नाही. रस्ता रुंद करायचं काम चालू होतं, त्यात जेसीबीनं केबल तोडली. आज येईल, उद्या येईल करता करता सहा दिवस गेले. कल्याणला जाऊन तिथल्या कॅफेतून उरलेलं पत्र पाठवावं, एवढी अक्कल ना मला आली ना काकांना. आम्हाला वाटलं, एवढी कसली घाई?

सातव्या दिवशी लाइन आली. काकांनी नमस्कार केला, मी पान उघडलं. पानंच्या पानं उत्तरं! तीन वर्षं जे लोक काकांच्या पत्त्याला हसत होते ते सगळे त्यांच्या बाजूनं. 'नावानिशी लिहायला हिंमत लागते.' 'काका, तुम्हाला सलाम.' बोक्यानं तर लिहिलं होतं, 'हरलो म्हणा की जिंकलो म्हणा, पण काकांनी शेवटी डोळ्यांनी पाहिलं.' आणि कुणीतरी लिहिलं होतं, की हे सगळं मी छापून वरच्या साहेबांकडे पाठवलं आहे, कारण पहिल्यांदाच तक्रारदाराचं खरं नाव आणि पत्ता आहे.

मी एकदा वाचलं. काकांनी परत वाच म्हटलं नाही.

"पैल्यांदाच सगळे माझ्या बाजूला," ते हळू आवाजात म्हणाले. त्यांचा हळू आवाज मी तेव्हा पहिल्यांदा ऐकला. बाहेर पाहिलं तर नाक्यावर कुणीच नव्हतं. हवालदार रजेवर असतील असं आम्हाला वाटलं होतं, पण त्यांना दोन दिवसांपूर्वीच चौकशी होईपर्यंत तिथून काढलं होतं. शहापूरची एक जीप टपावर माणसं घेऊन गेली.

त्याच मिनिटाला आम्ही उरलेलं पत्र चढवलं, आणि घोळ कसा झाला तेही लिहिलं. लाइट, यूपीएस, केबल, सगळं. काय उपयोग? 'काकांवर दबाव आला.' 'सात दिवस कुठे होता?' 'सेटिंग झालं.' बोक्या म्हणाला, 'ऊन खातो म्हणे! काका, उन्हाचा रेट काय चाललाय?'

दुसऱ्या दिवशी हवालदारांची बायको कॅफेत आली. झेरॉक्स काढायच्या होत्या. तिनं कागद काचेवर ठेवले आणि मी झाकण लावताना पाहिलं, तर मीच टाइप केलेलं शीर्षक, आणि त्याखाली, आपण याचा खुलासा तीन दिवसांत सादर करावा. तिनं सुटे पैसे टेबलावर ठेवले. मग म्हणाली, "ते इथंच येऊन लिहितात ना? पोरीची परीक्षा आहे हो महिन्यावर. आता बदली झाली तर कुठल्या शाळेत घालू? आणि असा शिक्का घेऊन कुठं जायचं आम्ही?" मी तिचे सुटे पैसे तिच्या मुठीत परत कोंबले. चूक माझ्या बोटाची होती. रात्री जेवण गेलं नाही मला.

काकांना मी सांगितलं, "मी जाते साहेबांकडे. सांगते की अर्धवट मीच पाठवलं."

"तू गप बस," ते म्हणाले. "वर नाव कोनाचं हाय?"

मग हा माणूस जीपस्टँडवर जायला लागला. रोज. हवालदार गेल्यामुळे जीपवाले खुशीत होते. टपं परत भरायला लागली होती. त्यातला एक डोळखांबच्या रस्त्याला जीप चालवणारा, धिप्पाड, तोंडानं माझ्याही वरताण. हवालदारांनी सगळ्यात जास्त पावत्या त्याच्याच फाडलेल्या. काका त्याला म्हणायचे, चौकशीला साक्षीला ये. तो हसायचा. "येडा झाला का कंट्रोलर? त्याच्यासाठी मी येऊ? पेढे वाटले मी, पेढे."

चार दिवस नाही म्हणाला. पाचव्या दिवशी काकांनी त्याला वेगळंच सांगितलं. मी उभी होते तिथे. "त्याच्या बाजूनं नको बोलू. त्याच्या विरुद्ध बोलायला ये. तुझा राग खरा हाय ना? मंग सायबासमोर येऊन ओक की सगळा. त्यानं तुझं काय काय खाल्लं ते सांग. मी मधे तोंड उघडनार नाय."

जीपवाल्यानं जरा विचार केला. "शिव्या घालू देतील?"

"मनात येईल ते बोल."

"मंग येतो."

चौकशीचे साहेब ठाण्याहून आले, विश्रामगृहात बसले. टेबलावर आमच्या साइटच्या छापलेल्या पानांचा गठ्ठा. एका बाजूला हवालदार उभे, टोपी हातात. मी दाराशी, घामाघूम झालेली. साहेबांनी काकांना विचारलं, "हे तुम्हीच लिहिलंत?"

"होय."

"आणि नंतर उलटं लिहिलंत. अर्धवट पाठवलं गेलं म्हणता. बटण कुणी दाबलं?"

मी पुढे झाले. "साहेब, ते मी..."

"मजकूर माझा, नाव माझं, पत्ता माझा!" काकांचा तो स्टँडवरचा आवाज असा फुटला, की बाहेर झाडाखाली झोपलेलं कुत्रं उठून गेलं. "सबब बटन पन माझंच. जी काय शिक्षा आसंल ती मला द्या. या मुलीला मधे घेऊ नका."

साहेब दचकले. मला रडू आलं. मी रडणाऱ्यातली नाही, पण आलं. माझ्या बापानंसुद्धा माझी चूक कधी अशी अंगावर घेतली नव्हती.

मग जीपवाल्याला आत बोलावलं. तो तयारीतच होता. "सायब, हा मानूस आमाला जगू देत नाय. टपावरची मानसं उतरवतो. शिडीवरची उतरवतो. माझी सासू टपावर बसली व्हती, तिला पन उतरवली. गाडी बाजूला घे, कागद दाखव, पावती घे. दुसरं कामच नाय याला."

"मग तुम्ही काही देऊन मिटवत नव्हता?" साहेबांनी मान खाली ठेवूनच विचारलं.

"घेतला असता तर मी इथं कशाला आलो असतो?" जीपवाला भडकला. "दोनदा दिऊन बघितलं. हात मागं घेतो. आन त्याची वेगळी पावती करीन बोलतो."

"म्हणजे हा खात नाही?"

"खातो की. शिव्या खातो. मी सोता घातल्यात, आईवरनं, पोट भरून. नुसता ऐकून घेतो आन पावती फाडतो. दुसरं कायच खात नाय सायब, हाच तर आमचा तरास हाय!"

साहेबांनी पेन खाली ठेवलं आणि तोंडावर रुमाल धरला. खोकल्यासारखं काहीतरी केलं त्यांनी. हवालदार जमिनीकडे बघत होते, पण त्यांचे खांदे हलत होते. जीपवाल्याला कळेना काय झालं. "लिवून घ्या ना सायब," तो म्हणाला. साहेबांनी ते शब्दन् शब्द लिहून घेतलं आणि त्याचा अंगठा नव्हे, चांगली सही घेतली.

काकांनी दिलेला शब्द पाळला होता. मधे तोंड उघडलं नव्हतं.

आठवड्यानं हवालदार परत नाक्यावर उभे राहिले. मी झालेलं सगळं साइटवर लिहिलं, अगदी जीपवाल्याच्या शब्दांत. मला वाटलं, आता तरी लोकांची तोंडं बंद होतील. कसली होतात! बोक्या म्हणाला, 'वा, साक्षीदार पण तयार केला. आता हवालदार आणि काका एका ताटात जेवत असतील. काकांना नाक्यावरून कायमचा फ्री पास.'

ते काकांना फार लागलं. शिवी दिली असती तर लागलं नसतं. "वर नाव लिहिलं, घर कुठं ते लिहिलं, तरी मी खोटा?" मला म्हणाले. दोन दिवस आले नाहीत. मी घरी जाऊन बघून आले, तर काकू म्हणाल्या, बोलतच नाहीत. काकू घाबरल्या होत्या, कारण घरात शांतता त्यांनी कधी पाहिलीच नव्हती.

तिसऱ्या दिवशी भर दुपारी बाहेर लुना पडल्याचा आवाज आला. बघते तर काका. लुना आडवी, पुढ्यातला गॅसचा सिलिंडर रस्त्यावर, आणि काका चपलांसकट आत. हातात एक कागद, चेहरा तांबडालाल.

"काय झालं?"

"सिलिंडर आनत व्हतो. घर समोर दिसतंय, वळसा कोन घालील? जरा उलट्या बाजूनं घेतली लुना. तर शिटी मारली! मला! मी बोललो, ओळखलं नाय का? तर सलाम केला, आन बोलतो, ओळखलं ना काका, तुमाला नाय ओळखनार तर कोनाला. लायसन दाखवा. लायसन घरी कपाटात." त्यांनी कागद माझ्या टेबलावर आपटला. दंडाची पावती होती.

मला हसू आवरेना आणि रागही आला. "अहो, त्याच्यासाठी तुम्ही एवढं केलंत, सांगायचं नाही का?"

"सांगनारच व्हतो. तोंडापर्यंत आलं व्हतं."

आणि ते थांबले. पावती उचलून त्यांनी परत वाचली. चष्मा पुसला, मग अजून एकदा वाचली. तांबडा चेहरा हळूहळू निवळला आणि मग हा माणूस हसायला लागला. पोट धरून, डोळ्यांतून पाणी येईपर्यंत. रस्त्यावरचे लोक दारात गोळा झाले.

"स्कॅन कर," म्हणाले. "साइटवर लाव."

मी पावती स्कॅनरवर ठेवली. त्यावर काकांचं संपूर्ण नाव होतं, चुकीच्या दिशेने वाहन चालविणे असं लिहिलेलं होतं आणि खाली हवालदारांची बारीक, नीट सही होती. पान उघडलं, मी चार बोटं तयार ठेवली आणि विचारलं, "काय लिहू?" काका ताठ बसले, घसा साफ केला. मी वाट पाहिली. त्यांनी पुढे वाकून स्क्रीनवर आलेली पावती परत एकदा वाचली.

"काय पन नको लिहू," शेवटी म्हणाले. "नुसती पावती लाव. लोकांना वाचता येतं."

मी नुसती पावती लावली. त्याखाली ना बोक्यानं काही लिहिलं, ना दुसऱ्या कुणी.

एसटीतून निवृत्त होताना काकांना मिळालेलं मानपत्र त्यांच्या घरी कुठल्याशा ट्रंकेत आहे. ती पावती मात्र त्यांनी फ्रेम करून घेतली. अजून ओटीवर आहे, आत शिरलं की समोरच दिसते.